रेंज ताणली की एरर जाते, पण...

माझी एक मैत्रीण निकेल ऑक्साइडवर पीएचडी करतेय. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर घेतलेला एक्स-रे अ‍ॅबसॉर्प्शनचा डेटा ती आर्टेमिसमध्ये फिट करत होती आणि प्रोग्रॅम अडून बसला: डेटात माहिती कमी, व्हेरिएबल्स जास्त. "अरे, के-रेंज १२ ऐवजी १५ पर्यंत नेली की चालतंय की!" ती म्हणाली.

चालतंय, हीच तर गोची आहे.

हिशेब सोपा आहे. के-रेंजची लांबी गुणिले आर-रेंजची लांबी, त्याची दुप्पट, भागिले पाय; एवढेच स्वतंत्र बिंदू. के ३ ते १२ आणि आर १ ते ३ धरलं तर साधारण ११. तिचे पाथ तीन, प्रत्येकाची चार व्हेरिएबल्स, म्हणजे १२. के १५ पर्यंत ताणला की बिंदू होतात १५. पण तिच्या आलेखात १२ च्या पुढे नुसता नॉईज! सूत्राला वाटतं माहिती वाढली, वाढला असतो कचरा. आमच्या भाषेत, एक्सेप्शन पकडायचं आणि कॅच ब्लॉक रिकामा ठेवायचा, तसला प्रकार.

मग रेंज होती तिथेच ठेवून आम्ही व्हेरिएबल्सना हात घातला. एनर्जी शिफ्ट आणि अ‍ॅम्प्लिट्यूड सगळ्या पाथना एकच. क्रिस्टल क्यूबिक, म्हणून अंतरांसाठीही एकच प्रसरण गुणांक. सिग्मा-स्क्वेअर तेवढे तीन वेगळे. १२ ची झाली ६.

आलेख आधीसारखा देखणा नाही दिसत. असो. पण व्हायव्हात कोणी विचारलंच, तर प्रत्येक आकडा कुठून आला हे तिला सांगता येईल.