उसनी पावलं

शाळेच्या मैदानावर लेझीमचे हुकूम सुटतात, ते कधी कान देऊन ऐकलेत का? चार आवाज. एक जगह. दो रुख. चौ रुख. आगे कदम. पवित्रा. शाळा मराठी, पोरं वऱ्हाडी, शिकवणारे सर मराठी; आणि शब्द असे की माझ्या दादीला त्यातला एकही समजावून सांगावा लागला नसता. 'आवाज' फारसी, 'कदम' अरबी, 'पवित्रा' लाठी-पट्ट्याच्या खेळातला. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात आजही हे प्रकार याच नावांनी शिकवतात.

'लेझीम' हा शब्दसुद्धा फारसीतून आलेला. मूळ अर्थ, सरावाचं धनुष्य: दोरीच्या जागी लोखंडी साखळी. इराणच्या जोरखान्यात, म्हणजे तिथल्या तालमीत, पहिलवान आजही चकत्या लावलेलं जड लोखंडी धनुष्य डोक्यावर धरतात आणि ढोलाच्या ठेक्यावर डावी-उजवीकडे झुलवतात. ही परंपरा २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. आपल्याकडेही लेझीम आधी तालमीतच होती. पुढे वजन घटलं, दांडी आखूड झाली, ढोल-डफडं सोबत आलं आणि ती मिरवणुकीत उतरली.

अमरावतीत शिकत असताना हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावरून माझं जाणं-येणं असे. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही संस्था. १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी तिचा चमू बर्लिनला भारतीय व्यायाम आणि खेळ दाखवायला गेला होता, कबड्डीसुद्धा. बघणाऱ्या परदेशी लोकांना ते सगळं नुसतं 'भारतीय' दिसलं असेल. कोणता हात कुठून आला, हे तिथं कोण विचारणार?

विचारलं गेलं ते अकोल्यात, स्नेहसंमेलनाच्या तयारीत. माझी मुलगी आठवीत होती. लेझीम बसवताना तिने आणि मैत्रिणींनी गरब्यातली गिरकी मध्ये घातली. एक मोठं माणूस म्हणालं, "लेझीममध्ये गरबा कशाला? ते आपलं नाही." आणि मग तिच्याकडे बघून, "तुला कुठून कळणार म्हणा." घरी आल्यावर जेवताना तिने विचारलं, "अब्बू, लेझीम आपली नाही का?"

मी तिला इतिहास सांगितला, पण त्याने तिचं समाधान झालं नाही. मग आम्ही अंगणात लेझीम हातात घेऊन बघितलं. गरब्यात टाळी असते, दोन टाळी किंवा तीन टाळी. लेझीममध्ये एका हातात दांडी आणि दुसऱ्या हातात साखळीची मूठ. टाळी वाजवायची तर मूठ सोडावी लागते, आणि मूठ सोडली की त्या मात्रेवरचा खळ्ळ आवाज जातो. तिने टाळी काढून टाकली, गिरकी ठेवली आणि टाळीच्या जागी लेझीमचा झटका दिला. आता ती गिरकी लेझीमची झाली. "हे चाललं पाहिजे न अब्बू," ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

शेवटी कार्यक्रमात ती गिरकी नव्हती. कापली गेली.

नाचात उसनं घेऊ नये असं म्हणणाऱ्यांना लेझीमच सोडून द्यावी लागेल. पण काहीही कुठेही चिकटवावं, असंही माझं म्हणणं नाही. बाहेरून आलेल्या पावलाने लेझीमचा आवाज मोडला, पुढच्या मात्रेला शरीर वेळेवर पोचलं नाही, तर ते पाऊल कितीही सुंदर असो, इथं बसत नाही. बसलं, तर घ्यावं.

आणि ज्यांचं घेतलं त्यांचं नाव घ्यावं. आपल्या अमरावती जिल्ह्यातच मेळघाट आहे. कोरकूंच्या नाचातली पावलं घ्यायची आणि सूत्रसंचालकाने म्हणायचं 'आदिवासी नृत्य', हे मला उसनं घेणं वाटत नाही. 'ही पावलं कोरकूंची' एवढं एक वाक्य माईकवर म्हणायला किती वेळ लागतो?

माझ्या मुलीला इतिहासाचं प्रमाणपत्र नको होतं. रांगेत उभं राहून एखादं पाऊल सुचवायचा हक्क हवा होता, बाकीच्या मुलींना असतो तेवढाच. पाऊल बसत नसेल तर जरूर काढा. पण ते सुचवणाऱ्या पोरीचं नाव ऐकून नको, लेझीमचा आवाज ऐकून ठरवा.