डब्यावरचे नाव
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या खेड तालुक्यात आजारी माणसाला भेटायला कोणी रिकाम्या हाताने जात नाही. अर्धा डझन मोसंबी, नाहीतर बिस्किटांचा पुडा, आणि नाते जवळचे असेल तर हॉर्लिक्सची बाटली. ती बाटली उशाशी दिसली की आजाऱ्याइतकाच घरच्यांनाही धीर येतो. पुढे माणूस हिंडूफिरू लागतो, पावडर संपते, आणि तीच बाटली धुऊनपुसून हळद नाहीतर मेतकूट भरायला फडताळात जाऊन बसते. मुलांची परीक्षा जवळ आली की पुन्हा नवी बाटली घरात येते. हॉर्लिक्स म्हणजे ताकद, हे आम्हाला कोणी मुद्दाम शिकवलेले नाही. ते अंगवळणीच पडलेले आहे.

म्हणून इंग्लंडमध्ये हेच हॉर्लिक्स रात्री शांत झोप लागावी म्हणून पितात, हे वाचले तेव्हा मला मोठी मौज वाटली. आमच्याकडे ते रात्री जागून अभ्यास व्हावा म्हणून देतात!

कुतूहलाने आणखी वाचत गेले तेव्हा या बाटलीचा इतिहास हाती लागला. जेम्स आणि विल्यम हॉर्लिक हे दोघे भाऊ मूळचे इंग्लंडचे. १८७३ साली त्यांनी अमेरिकेत शिकागो येथे आपला धंदा सुरू केला, तो तान्ह्या मुलांना आणि आजाऱ्यांना सहज पचेल असे अन्न म्हणून. पुढे १९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या जाहिरातदारांनी 'रात्रीची उपासमार' नावाचे एक दुखणेच शोधून काढले. झोपेत माणूस उपाशी राहतो म्हणून सकाळी थकलेला उठतो, आणि त्यावर उपाय म्हणजे निजण्यापूर्वी कपभर हॉर्लिक्स! तेव्हापासून तिकडे ते निजण्याच्या वेळचे पेय झाले. आपल्याकडे ते आले पहिल्या महायुद्धानंतर, ब्रिटिशांच्या फौजेतून परतलेल्या हिंदी शिपायांबरोबर. इथे त्याचे नशीब निराळे निघाले. इथे ते मुलांच्या वाढीचे पेय ठरले. आता तर मालकही निराळे झाले आहेत. ब्रिटनमधले हॉर्लिक्स २०१८ पासून एका कंपनीकडे आहे, तर भारतातले २०२० पासून हिंदुस्थान युनिलिव्हरकडे.

२००८ साली एक गमतीदार, पण विचार करायला लावणारी गोष्ट घडली. मुले हॉर्लिक्समुळे अधिक उंच, अधिक बळकट आणि अधिक हुशार होतात, अशी एक जाहिरात ब्रिटनमध्ये दिसणाऱ्या एका नेपाळी दूरचित्रवाहिनीवर लागली. तिथल्या जाहिरात नियंत्रकांनी ती पुन्हा दाखवायला मनाई केली. कंपनीचे म्हणणे असे की ही जाहिरात ब्रिटनच्या प्रेक्षकांसाठी केलेलीच नव्हती, ती चुकून तिथे लागली. म्हणजे जे वाक्य लंडनमध्ये पुराव्याशिवाय उच्चारता येत नाही, ते आपल्या उपखंडात घरोघर पाठ होते. बाटलीवरचे नाव एकच, पण तिकडे ती झोप विकत होती आणि इकडे उंची.

येथपर्यंत आल्यावर माझ्या मनात प्रश्न उभा राहिला. ओळखीच्या मालाचे हे देशोदेशीचे वेगळेपण वाईटच मानायचे का? तसे म्हणता येणार नाही. जपानचेच उदाहरण घ्या. किटकॅट हे चॉकलेट इंग्लंडातल्या यॉर्क गावचे, राऊंट्री कंपनीचे. ते १९३५ मध्ये निराळ्या नावाने निघाले आणि १९३७ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. १९७३ साली ते जपानात गेले आणि तिथे त्याला एक वेगळेच भाग्य लाभले. जपानी भाषेत 'कित्तो कात्सू' म्हणजे 'नक्की जिंकशील'. उच्चारांच्या या जुळणीमुळे प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांना किटकॅट देण्याची प्रथाच पडली. आपल्याकडे परीक्षेला निघताना आई हातावर दही-साखर ठेवते, तिकडे किटकॅट ठेवतात. चवी म्हणाल तर हिरव्या चहाची आहे, रताळ्याची आहे, आणि वसाबी नावाच्या झणझणीत मुळाचीही आहे. हे ऐकून आमच्या वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, "मग आपल्याकडे कोकमाचं का नाही ग काढत?" प्रश्न रास्त आहे.

मॅगीचेही तसेच. आपण मॅगी म्हटले की दोन मिनिटांच्या शेवया समजतो, आणि त्या आपल्याकडे आल्या १९८३ साली. पण ज्युलियस मॅगी हा स्वित्झर्लंडमधला गिरणीमालक. त्याने १८८६ च्या सुमारास एक काळसर, खारट अर्क काढला. जर्मनीत मॅगी म्हणजे आजही प्रथम तो जेवणाच्या टेबलावरचा बाटलीतला अर्क. तिथल्या एका झाडपाल्याचा वास त्या अर्कासारखा येतो, म्हणून त्या पाल्यालाच लोक 'मॅगीचा पाला' म्हणू लागले. पश्चिम आफ्रिकेत मॅगी म्हणजे कालवणात टाकायची चौकोनी वडी. एकाच नावाच्या या तीन वस्तू, आणि ज्याला त्याला वाटते की खरी मॅगी आपलीच.

काही वेळा फरकाचे कारण चवीत नसून शेतात आणि सरकारी धोरणात असते. कोकाकोलात गोडी यावी म्हणून मेक्सिकोत उसाची साखर घालतात. शेजारच्या अमेरिकेत मात्र १९८० च्या दशकात कंपनीने नेहमीच्या कोकाकोलासाठी साखर सोडून मक्यापासून केलेला पाक धरला. तिथे बाहेरून येणाऱ्या साखरेवर सरकारी बंधने असल्याने साखर महाग, आणि मका उदंड. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या मित्रांना हे अर्थशास्त्र वेगळे समजावून सांगायला नको. उसाचा भाव आणि राजकारण यांचे नाते त्यांना आपल्या प्राध्यापकांपेक्षाही जास्त ठाऊक असेल!

असे हे फरक आवडीचे, हवामानाचे, पिकांचे. ते असायचेच. वरणसुद्धा दर बारा कोसांवर बदलते, मग चॉकलेटने का बदलू नये? परंतु दुसऱ्या एका जातीचा फरक आहे. 'ह्यांना एवढे चालते' असे कोणीतरी परस्पर ठरवून टाकल्यामुळे तो पडतो, आणि माझे खरे म्हणणे त्याच्याविषयी आहे.

युरोपात या फरकावर मोठा वाद झाला. स्लोव्हाकिया, हंगेरी, चेक प्रजासत्ताक या पूर्वेकडच्या देशांतील लोकांची तक्रार अशी की, पश्चिमेकडे मिळणाऱ्या मालासारखेच वेष्टन आम्हाला मिळते, पण आतला जिन्नस हलका असतो. सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष युंकर यांनी भर भाषणात हा विषय घेतला. स्लोव्हाक माणसाच्या ताटात मासा कमी, चेक माणसाच्या चॉकलेटात कोको कमी, हे चालणार नाही, असा त्यांचा आशय होता. मग आयोगाने तपासणी करवली. १९ देशांतून १२८ पदार्थांचे सुमारे १४०० नमुने गोळा झाले. २०१९ मध्ये निष्कर्ष आला. ९ टक्के पदार्थांत वेष्टनाची दर्शनी बाजू अगदी एकसारखी आणि आतले घटक निराळे होते. आणखी २२ टक्के पदार्थांत वेष्टन जवळजवळ सारखे व घटक निराळे होते. पूर्वेलाच नेहमी हलका माल जातो, असे मात्र त्यात सरसकट आढळले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच वर्षी कायदा झाला. सबळ कारण नसताना, घटकांत मोठा फरक असलेला माल सर्वत्र एकच आहे असे भासवून विकणे, ही ग्राहकाची दिशाभूल मानता येईल असे त्यात ठरले.

हे झाले श्रीमंतांच्या घरातले भांडण. आपल्याशी संबंध असलेली गोष्ट एप्रिल २०२४ मधली आहे. 'पब्लिक आय' ही स्वित्झर्लंडमधील संस्था आणि बालकांच्या आहारासंबंधी काम करणारे एक आंतरराष्ट्रीय जाळे यांनी मिळून एक अहवाल काढला. नेस्ले कंपनीचे सेरेलॅक हे तान्ह्या मुलांचे अन्न त्यांनी देशोदेशी तपासले होते. सहा महिन्यांच्या बाळासाठी गव्हापासून केलेल्या सेरेलॅकमध्ये जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये वरून घातलेली साखर नव्हती. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये मात्र एका वेळच्या खाण्यात सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास साखर आढळली. इथिओपियात ती ५ ग्रॅमपेक्षा जास्त आणि थायलंडमध्ये ६ ग्रॅम होती. कंपनीने सांगितले की आपला माल भारतीय नियमांना धरूनच आहे आणि मागच्या पाच वर्षांत साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केली आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साखर न घातलेले सेरेलॅकही भारतात आणत असल्याचे तिने जाहीर केले. म्हणजे साखरेवाचून ते करता येत होते.

कंपनी नियमात होती, हे मी मान्य करते. पण मग प्रश्न कंपनीपाशी न थांबता नियमापाशी येतो. बर्लिनच्या बाळाची जीभ आणि भरण्याच्या बाळाची जीभ यांत निसर्गाने काही भेद केलेला नाही. भेद आहे तो तिथला नियम आणि इथला नियम यांत, आणि तिथली आई काय वाचू शकते आणि इथली आई काय वाचू शकते यांत.

या वाचण्याविषयी मला थोडे सांगायचे आहे. आमच्या वाडीत शेजारचे चाचा कुवेतला नोकरीला आहेत. रजेवर आले की वाडीतल्या प्रत्येक घरी चॉकलेटे वाटतात. त्या चॉकलेटांच्या वेष्टनावर इंग्रजीच्या बरोबरीने सगळा मजकूर अरबीत असतो. त्या देशांत माल विकायचा तर घटकांची नावे अरबीत द्यावीच लागतात. युरोपातही नियम असा की, माल जिथे विकायचा तिथल्या ग्राहकाला सहज कळेल अशी भाषा हवी. आपल्याकडचे २०२० चे नियम सांगतात की हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा, इतर भाषा हवी तर जोडावी. 'हवी तर' म्हटल्यावर कोण जोडतो? दुकानात जाऊन पाहा. पुढच्या बाजूला चित्र ठळक असते आणि मागच्या बाजूला मुंगीएवढे इंग्रजी.

माझी आई चौथी शिकली आहे. मराठी वर्तमानपत्र ती सावकाश, पण नीट वाचते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे वीजबिलापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सर्व इंग्रजी कागद माझ्या पुढ्यात येतात. वहिनीचे बाळ सात महिन्यांचे झाले तेव्हा बाळाच्या खाण्याचा एक डबा घरी आला. मी तो मागे फिरवला आणि घटकांची यादी मोठ्याने वाचू लागले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे ज्याचे नाव पहिले त्याचा वाटा सर्वांत मोठा, हे मला तोवर ठाऊक झाले होते. ब्रिटनमधल्या डेअरी मिल्क चॉकलेटच्या यादीत पहिले नाव दुधाचे आणि अमेरिकेत बनणाऱ्या त्याच चॉकलेटच्या यादीत पहिले नाव साखरेचे, असे मी वाचले होते. तेवढ्या क्रमावरूनही पुष्कळ कळते.

"माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे काय ग?" वहिनीने विचारले.

"पिष्टापासून करतात. जवळजवळ साखरेच्याच गोतातलं."

आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "एवढं सगळं लिहिलंय होय त्याच्यावर? मग मराठीत लिहायला त्यांची शाई संपली काय?"

आईचा हा प्रश्न मला युंकर साहेबांच्या भाषणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. युरोपातल्या लोकांनी दोन देशांतले दोन पुडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, त्यांना फरक वाचता आला, म्हणून ते रागावू शकले आणि मग कायदा बदलला. ज्याला वाचताच येत नाही त्याला राग तरी कशाचा येणार? त्याने डब्यावरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्रावर विश्वास ठेवावा, एवढेच त्याच्या हाती उरते.

आपण पदवीसाठी शिकतो, नोकरीसाठी शिकतो. ते योग्यच आहे. परंतु माझ्यासारख्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या कितीतरी मुलामुलींना एक काम आजच, पदवीची वाट न पाहता करता येईल. घरात आलेला प्रत्येक डबा मागे फिरवून त्यावरचे बारीक अक्षर घरच्यांना मराठीत वाचून दाखवायचे. आमच्या वाडीत हे आपोआप सुरू झाले आहे. संध्याकाळी नळावर पाणी भरताना एखादी काकू पदराआडून रिकामा पुडा काढते आणि म्हणते, "हे बघ ग जरा, ह्याच्यात काय काय आहे ते." मी हंडा खाली ठेवून वाचते. पहिले नाव साखरेचे निघाले तर काकू काहीच बोलत नाही, पुडा घडी करून पुन्हा कमरेला खोचते. पुढच्या वेळी दुकानात ती काय घेईल ते तिचे तिने ठरवायचे. पण निदान ते ठरवणे आता तिच्या हातात आहे.