स्वप्नवहीतील क्रियापद

स्वप्नांची नोंदवही ठेवणाऱ्यापुढे जाग येताच जो प्रश्न उभा राहतो, तो स्वप्नाच्या अर्थाचा नसतो; क्रियापदाचा असतो. ‘मी जिना उतरतो आहे’ असे लिहावे, की ‘मी जिना उतरत होतो’ असे? स्वप्न संपलेले असते, म्हणून भूतकाळ हाच प्रामाणिक, असे एक उत्तर देता येते. स्वप्न चालू असताना ते भूतकालीन नव्हते, म्हणून वर्तमानकाळ हाच प्रामाणिक, असे दुसरे उत्तरही तितक्याच सहजपणे देता येते. पहिले उत्तर वही लिहिणाऱ्याशी इमान राखते, दुसरे स्वप्न पाहणाऱ्याशी. ‘मी’ या एकाच सर्वनामात हे दोघे नांदत असल्यामुळे काळाची निवड ही शैलीची बाब न राहता, या दोघांपैकी साक्ष कोणी द्यावयाची, याचा निर्णय ठरते.

फ्रॉइडने हा निर्णय वर्तमानकाळाच्या बाजूने दिला होता. नोव्हेंबर 1899 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, परंतु मुखपृष्ठावर 1900 हे साल छापलेल्या त्याच्या स्वप्नमीमांसेत 23-24 जुलै 1895 च्या रात्रीचे ‘इर्मा’चे स्वप्न आदर्श नमुना म्हणून येते. स्वप्नापूर्वीची हकिगत तो भूतकाळात सांगतो. स्वप्न सुरू होताच मूळ जर्मन संहिता वर्तमानकाळात शिरते. यामागे सिद्धान्त आहे. ‘इर्माच्या आजाराला ओट्टो जबाबदार असता तर!’ हा जागेपणीचा संकेतार्थ स्वप्नात टिकत नाही. ‘असता तर’ गळून पडते आणि ‘आहे’ उरते. इच्छेचे वर्तमानात रूपांतर करणे हेच स्वप्नाचे कार्य असेल, तर वर्तमानकाळ हा स्वप्नाचा पोशाख नसून त्याचे व्याकरण होय. जेम्स स्ट्रेचीच्या 1953 च्या प्रमाण इंग्रजी भाषांतरात मात्र हेच स्वप्न भूतकाळात आले आहे. इंग्रजी कथनाच्या प्रघाताला ते शोभते; परंतु स्वप्नाच्या संहितेतच जो सिद्धान्त प्रत्यक्ष दिसत होता, तो इंग्रजी वाचकाला पुढील प्रकरणात केवळ सांगितला जातो.

मराठीत हा प्रश्न आणखी एका कारणाने बिकट होतो. येथे काळ बदलला की बहुधा प्रयोगही बदलतो. ‘मी खिडकी उघडतो’ किंवा ‘मी खिडकी उघडते’ या वाक्यांत क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. स्वप्न पाहणारा पुरुष की स्त्री, हे त्यातून कळते. ‘मी खिडकी उघडली’ असे म्हणताच क्रियापद कर्त्याला सोडून खिडकीशी जुळते. सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळात ‘मी’ वाक्यात राहतो, पण क्रियापदावरील त्याची सत्ता जाते. म्हणजे वर्तमानकाळात स्वप्न पाहणाऱ्याच्या हातून काही घडत असते, तर भूतकाळात वस्तू पुढे येतात: दार उघडले, पत्र वाचले, शहर पाहिले. शिवाय वर्तमानकाळ लिंग उघड करतो. ज्या स्वप्नात ‘मी’ आपण कोण आहोत हेच विसरलेला असतो, तेथे ‘उघडतो’ की ‘उघडते’ हे ठरवणे भाग पाडून मराठी वर्तमानकाळ स्वप्नात नसलेली निश्चिती त्यावर लादतो. भूतकाळातील कर्मणि प्रयोग ती संदिग्धता जपू शकतो. वर्तमानकाळ म्हणजे अनुभवाची निकटता, हे समीकरण मराठीपुरते तरी तपासून घ्यावयास हवे.

या दृष्टीने तुकारामाचा गुरूपदेशाचा अभंग पुन्हा वाचण्याजोगा आहे. माघ शुद्ध दशमी, गुरुवार अशी तिथी आणि वार देणारी ती रचना मराठीतील एका अर्थी स्वप्ननोंदच आहे. तिच्यातील प्रधान क्रियापदे भूतकाळाची आहेत. गुरूने कृपा केली, मस्तकी हात ठेवला, मंत्र दिला: या गोष्टी घडून गेल्या, म्हणूनच त्या पुढील आयुष्याला बांधून घेतात. मध्येच भोजनासाठी पावशेर तूप मागितले जाते, आणि ते मागण्याचे क्रियापद तेवढे जुन्या वर्तमानकाळाच्या रूपात येते. छंदाची सोय म्हणून त्याची वासलात लावता येईल. तरीही वाचताना परिणाम असा होतो, की दीक्षा पूर्ण झाली, पण ती मागणी पुरी झालेली नाही. तिला उत्तर देता आले नाही, कारण स्वप्नात विसर पडला. मराठीत स्वप्न पडते आणि विसरही पडतो. दोन्ही ठिकाणी ‘पडणे’ हेच क्रियापद, आणि दोन्ही ठिकाणी माणूस कर्ता नसतो. या दोन पडण्यांच्या मधल्या थोड्या अवधीत स्वप्नवही लिहिली जाते.

काळाच्या निवडीत खरोखर काय पणाला लागते, हे मृत माणसे स्वप्नात येतात तेव्हा कळते. वडील गेलेल्या मुलीने ‘बाबा ओटीवर बसले होते’ असे लिहिले, तर तो स्वप्नातील भूतकाळ आणि बाबांच्या नसण्याचा भूतकाळ एकमेकांत मिसळतात. ते स्वप्न होते की बालपणीची आठवण, हे पाच वर्षांनी वही उघडल्यावर तिलाच सांगता येणार नाही. ‘बाबा ओटीवर बसले आहेत’ हे वाक्य तिला आता अन्यत्र कोठेही लिहिता येत नाही. पत्रात नाही, अर्जात नाही, बोलण्यातही नाही. वहीत ते लिहिता येते, आणि तेथे ते खोटे नसते. मात्र त्या वाक्यापाशी थांबले, तर नोंद ही नोंद राहत नाही. म्हणून तिला तिथी लिहावी लागते, आणि शेवटी ‘जाग आली’ हे भूतकाळी वाक्यही लिहावे लागते.

तेव्हा संपूर्ण वहीसाठी एकच काळ मुक्रर करण्याचा आग्रह व्यर्थ आहे. इच्छा आणि भीती वर्तमानकाळ मागतात. ज्या स्वप्नाने आयुष्यात काही बदलले, ते भूतकाळ मागते. ज्यात ‘मी’ अस्पष्ट असतो, ते कर्मणि प्रयोगाचा आश्रय घेते. नोंद करताना लेखणी मध्येच काळ बदलते, तेव्हा ती चूक समजून दुरुस्त करण्याचा मोह होतो. तो टाळावा. स्वप्न कोठे अजून चालू आहे आणि कोठे संपले आहे, याची सर्वांत विश्वसनीय खूण बहुधा त्याच सांध्यावर सापडते.