करडईची पेर

ऑलिव्हला फुलोऱ्यासाठी हिवाळ्यात बरेच दिवस चांगली थंडी लागते. तेवढी आमच्या देगलूरला पडत नाही, म्हणून तेलासाठी ऑलिव्ह इथं जमत नाही. आमच्या काळ्या रानाचं तेलपीक करडई.

भाद्रपदात उडीद निघाला की मी नांगर घालत नाही. वखराच्या पाळ्या देतो आणि वाफसा धरून तिफणीनं पेरतो. नांगरानं ढेकळं उलटली की ओल उडते, आणि करडई त्या ओलीवरच जगते. सोटमूळ खोल जातं, त्यामुळं वर पाणी द्यावं लागत नाही. विरळणीत उपटलेल्या कोवळ्या रोपांची भाजी होते, ती वेगळीच.

खरं दुखणं मावा. ढगाळ हवा पडली की काळा मावा शेंड्यांवर दाटतो, पानं चिकट होतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेलं पीक मावा माजायच्या आत पुढं निघून जातं. उशिरा पेरलेलं सापडतं. शिवाय मावा आधी धुऱ्यालगतच्या ओळींवर उतरतो. म्हणून त्या दिवसांत मी रोज धुऱ्यानं फिरतो, भरलेले शेंडे खुडून लांब नेऊन पुरतो. ढालकिडे दिसले तर हात आवरतो, कारण त्यांच्या अळ्याही मावा खातात आणि विषारी औषधानं त्याच आधी मरतात. फारच वाढला तर पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळी, शंभर लिटर पाणी. फुलोऱ्यात तोही संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर.

यंत्राचं मला वावडं नाही. फाल्गुनात रान वाळून भेगाळलेलं असतं, तेव्हा हार्वेस्टर चालला तरी माती दबत नाही. पेरणीच्या ओल्या रानात मात्र ट्रॅक्टर उतरू देत नाही. हातानं काढायची तर पहाटेच, दवानं काटे मऊ असतात तोवर. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 'नारी-६' ही बिनकाटेरी जात दिली, मजुरांना ती सोयीची. मला काटेरीच हवी: ज्वारीच्या कडेनं तिच्या ओळी असल्या की गुरं आत शिरत नाहीत.

सोयाबीन-हरभऱ्यानं करडईला शिवारातून मागं रेटलं, हे मला सलतं. घाण्यावरचं तेल घरी पुरतं, पेंड बैलांना जाते. उडीद निघाला की शेजाऱ्यांकडं बियाणं घेऊन जातो. एकरी पाच किलो पुरतं.