प्रतिवादी क्रमांक 3

बेलिफ समन्स घेऊन आला तेव्हा अब्बांना जाऊन चौदा महिने झाले होते. वादी सुताचा एक व्यापारी. प्रतिवादी क्रमांक 1 अम्मी, 2 भाईजान आणि 3 मी. तिघांच्या नावापुढे 'मयताचे वारस' असे लिहिलेले.

मालेगावात सूत उधारीवर घ्यायचे, कापड विकले की पैसे चुकते करायचे, हा रिवाज जुना आहे. 2020 च्या टाळेबंदीत माग बंद पडले, विणून ठेवलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळेना. अब्बांनी खात्यावर सही करून बाकी कबूल केली आणि 2021 मध्ये ते गेले. दाव्यात मुद्दल 1,90,000 रुपये आणि व्याज धरून 2,86,000 मागितले होते.

अब्बांच्या माघारी माझा हिस्सा कुणी विचारला नव्हता. कर्जात मात्र माझे नाव बरोबर आले. भाईजानला हे मी हसत हसत म्हणाले. तो हसला नाही.

वकीलसाहेबांनी समजावले, की वारसांची जबाबदारी मयताकडून हाती आलेल्या मिळकतीपुरतीच असते. माझ्या शिक्षिकेच्या पगाराला कुणी हात लावू शकत नव्हते. पण चार माग आणि राहते घर होते, त्यावर हुकूमनाम्याची बजावणी होऊ शकत होती. भाईजान म्हणाला, "कैफियत देऊ, व्याज कुठे ठरले होते ते विचारू. पडू देत तारखा." कायद्याने त्यात गैर काही नव्हते. पण जनाजाच्या नमाजाआधी त्यानेच सफेसमोर उभे राहून सांगितले होते, की मरहूमकडे कुणाचे देणे असेल तर माझ्याकडे या. अम्मी एवढेच बोलली, "मरनेवाले का कर्ज उतरना चाहिए, बेटा."

सूरह बकराची 280 वी आयत तंगीत असलेल्या कर्जदाराला सवड द्यायला सांगते आणि माफ करणे अधिक चांगले म्हणते. 282 वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. एक रहमतीची, दुसरी हिशेबाची, आणि दोघींमध्ये फक्त एक आयत. सहीह बुखारीत एक वाकयाही आहे. काब बिन मालिक आणि इब्ने अबी हदरद यांचा मस्जिदीत कर्जावरून आवाज चढला. रसूलुल्लाह (स.) यांनी हुजऱ्याचा पडदा बाजूला करून काबना निम्मे सोडून देण्याची खूण केली. ते कबूल झाले. मग कर्जदाराला सांगितले, ऊठ आणि बाकीचे देऊन टाक. सूट मिळाली, तशी ताकीदही मिळाली.

आम्ही तिघे अब्बांच्या वह्या घेऊन दुकानावर गेलो. रात्री जागून मी एकेक नोंद ताडून पाहिली होती. दहा-दहा हजारांच्या दोन पावत्या शेठजींच्या खात्यात चढलेल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा पुसून पावत्या पाहिल्या आणि मान्य केल्या. राहिले 1,70,000. व्याज देणे आम्हाला दीन म्हणूनही जड होते. ते त्यांनी सोडले. 50,000 रोख आणि दहा हजारांचे बारा हप्ते असे ठरले.

मी म्हणाले, हे लोकअदालतीत लिहून घेऊ. शेठजींना ते लागले. "माझ्या शब्दावर भरवसा नाही, बाई?"

"आहे ना, शेठजी. पण शब्द माणसाबरोबर जातो. अब्बांचा गेला तसा."

ते गप्प झाले. आमच्या वकीलसाहेबांनी त्यांच्या फायद्याचेही सांगितले. दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. ते आमच्याही भल्याचे होते. तोच हिशेब उद्या कुणी पुन्हा उघडणार नव्हते.

कोर्टात या कागदाला तडजोड म्हणाले. उर्दूत आम्ही त्याला राजीनामा म्हणतो. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणे, म्हणून वर्गात हा शब्द आला की मुले गोंधळतात. मी त्यांना मूळ सांगते: राजी होणे. आमच्या कागदावर दोन्ही बाजू राजी होत्या. कुणी हरले असे त्यात कुठेच लिहिलेले नव्हते.

दोन माग विकून रोख रक्कम भरली. हप्त्यात दरमहा चार हजार माझे होते. हाती काही आले नव्हते, त्यामुळे कायद्याने मी एक पैसाही देणे लागत नव्हते. पण मुलगी म्हणून लागत होते. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी शेठजींनी खात्याखाली रेघ ओढली आणि अम्मीला म्हणाले, "मरहूमकडे माझे काही राहिले नाही."

सूरह निसात वारसांचे हिस्से सांगितले आहेत, पण वसीयत आणि कर्ज वजा केल्यानंतरचे. आधी कर्ज, मग वाटणी. कर्ज फिटल्यावर आठच दिवसांनी भाईजान घराचा उतारा काढून घेऊन आला. त्यावर एकट्या अब्बांचे नाव होते. वारसनोंदीचा अर्ज त्याने स्वतःच्या हाताने भरला, अम्मीचे नाव लिहिले, स्वतःचे लिहिले, आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "इथे सही कर."