‘खंबीर राहा’ म्हणणाऱ्यांसाठी काही टिपणे

पंडिता रमाबाईंच्या पहिल्या चोवीस वर्षांची नुसती सनावळी उतरवताना हात थांबतो. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात, दक्षिणेत तीर्थोतीर्थी फिरताना, वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळात पाठोपाठ गेली. उरलेली दोघं भावंडं पायपीट करत 1878 साली कलकत्त्याला पोचली. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, पुढच्या वर्षी मनोरमेचा जन्म आणि फेब्रुवारी 1882 मध्ये कॉलऱ्याने पतीचा मृत्यू. कडेवरच्या मुलीचा पहिला वाढदिवससुद्धा अजून व्हायचा होता.

---

चरित्रं इथून एक उडी मारतात. दुःख झालं, निश्चय केला, संस्था काढली. मला त्या उडीखालची जमीन बघायची असते. रमाबाई 1882 मध्ये पुण्याला आल्या, तेव्हा प्रार्थना समाजाच्या वर्तुळातली घरं त्यांच्यासाठी उघडी होती. त्याच वर्षी आर्य महिला समाज निघाला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष झाली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ छापून आलं. त्या पुस्तकाच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासाचा खर्च निघाला. निर्धार होताच, पण बोटीचं भाडं निर्धाराने भरता येत नाही.

आणि विद्या? ती गेलेल्या माणसांनीच देऊन ठेवली होती. वडिलांनी लोकांचा रोष पत्करून आईला संस्कृत शिकवलं, आईने मुलीला. घर उद्ध्वस्त झालं तरी तेवढं शिल्लक राहिलं.

---

रमाबाई रानडे. जानेवारी 1901 मध्ये पती न्यायमूर्ती रानडे गेले आणि या बाई जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. हे वर्ष त्यांच्या गौरवलेखांत एका ओळीत उरकतात. त्यांनी उभं केलेलं पुणे सेवासदन 1909 चं, म्हणजे मध्ये आठ वर्षं गेली. आज एखादी बाई आठ महिने गप्प बसली तर नातेवाईक म्हणतात, ‘अजून सावरली नाही.’

---

आनंदीबाई जोशींची गोष्ट आपण शाळेत भाषणाला घेतो. चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांचं मूल गेलं, म्हणून डॉक्टर व्हायचं ठरवलं. पुढचं मात्र घाईने सांगून टाकतो: 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात पदवी आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी क्षयाने पुण्यात मृत्यू. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. दुःखातून ध्येय सापडलं की पुढे सगळं नीट होतं, असा करार कुणाशी झालेला नसतो.

(त्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. बरोबर तीन वर्षांनी, 11 मार्च 1889 ला, त्यांनी मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदासदन उघडलं. तारीख मुद्दाम निवडली की कसं, यावर मला तर्क लढवायचा नाही. पण डोळ्यांत भरते खरी.)

---

शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या जोशांची गोदूबाई. लग्न आठव्या-नवव्या वर्षी आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य. वयाची वीस वर्षं उलटून गेल्यावर भावाने तिला मुंबईला आणलं आणि सदनात घातलं. तिथे ती शिकली. 1893 मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्यांची पहिली पत्नी राधाबाई 1891 मध्ये गेली होती. 1896 मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले तरुणपणीच विधवा झालेली, पदरी मुलगा. तीही आश्रमात आली, शिकली, आणि वर्गणीसाठी गावोगाव हिंडू लागली. 1918 मध्ये ती थेट अमेरिकेला गेली. इंग्रजी येत नव्हतं, तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिली, आणि परतल्यावर पुन्हा हिंगण्याचंच काम.

या साखळीत एकटी उभी राहिलेली बाई मला एकही दिसत नाही. प्रत्येकीच्या आधी कुणीतरी एक खोली तयार ठेवलेली आहे. शारदासदनाच्या मागे बॉस्टनमध्ये 1887 साली स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन होती, दहा वर्षं मदत पाठवण्याचं वचन देऊन बसलेली. पुढे ख्रिस्ती धर्मांतराच्या वादात पालकांनी सदनातून मुली काढून नेल्या, ‘केसरी’ने झोड उठवली. तो वाद खोटा नव्हता. पण ज्यांनी मुली नेल्या, त्यांच्यापैकी किती जणांनी त्यांना पुढे शिकवलं, हा प्रश्न त्या वादात फारसा कुणी विचारला नाही.

---

1896-97 चा दुष्काळ. पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार मुली केडगावला घेऊन आल्या. अन्नावाचून घर कसं संपतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पण केडगावच्या ‘मुक्ती’ या आपल्या संस्थेत त्यांनी काय केलं ते बघावं. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना. रडणाऱ्या मुलीच्या हाताला काम, पोटाला अन्न, शेजारी तिच्यासारखीच दुसरी. सांत्वनाची यापेक्षा व्यवहारी पद्धत मला माहीत नाही.

आणि तरीही 1921 मध्ये मनोरमा गेली. आईच्या आधी. संस्था तिच्या हाती सोपवायची, असं ठरत आलेलं. एप्रिल 1922 मध्ये रमाबाईही गेल्या. आयुष्यभर काम केलं म्हणून पुढचा घाव चुकला नाही.

---

अलीकडचं उदाहरण. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. पत्नी स्वाती महाडिक शिक्षिका होत्या, दोन लहान मुलं. सप्टेंबर 2017 मध्ये चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतून त्या लष्करात अधिकारी झाल्या. त्यांच्या जिद्दीवर भरपूर लिहून आलं. वयोमर्यादा त्यांच्यासाठी शिथिल करावी लागली होती, हे त्या मानाने कमी. मला ती शिथिलता तेवढीच महत्त्वाची वाटते. सरकारी नियम एका बाईच्या दुःखासाठी थोडा वाकला, म्हणून जिद्दीला वाट मिळाली.

---

याउलट एक गोष्ट. मुंबईत पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दुचाकी आदळून सोळा वर्षांचा मुलगा गेला. वडील भाजीविक्रेते. ते तेव्हापासून स्वतः खडी-सिमेंट आणून रस्त्यावरचे खड्डे बुजवतात. वर्तमानपत्रांतून त्यांचे फोटो येतात, हार-तुरे होतात. त्या माणसापुढे मी हात जोडतो. पण खड्डा बुजवणं हे ज्यांचं पगारी काम आहे, त्यांनीही टाळ्या वाजवाव्यात, हे मला सहन होत नाही. बापाच्या दुःखावर शहराचे रस्ते चालवायचे नसतात.

---

आपल्याकडे मृत्यूच्या दिवशी त्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भात आणतात, कडू घास भरवतात. रीत उत्तम आहे, पण ती तेराव्याला संपते. खरी गरज चौदाव्या दिवशी सुरू होते: मृत्यूचा दाखला, बँकेतला नामनिर्देशनाचा दावा, तलाठ्याकडे वारस नोंद, मुलांची फी. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते, तीही प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर. कर्ज कुणाच्या नावे, जमीन कुणाच्या नावे, यावर पात्रता ठरते. ज्या बाईचं नाव सातबारावर कधी चढलंच नाही, तिला आपण सांगतो, खंबीर राहा.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसं करण्याचं परिपत्रक काढलं. ठराव करायला पैसे लागत नाहीत. तुमच्या ग्रामपंचायतीने तो केला आहे का, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. आणि ओळखीच्या घरात नुकतं कुणी गेलं असेल तर येत्या आठवड्यात त्यांच्याबरोबर एकदा तलाठी कार्यालयात जाऊन या.