कूजीचीं समुद्रकुंडें

आमचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियांत सिडनी शहरीं राहतो. त्याच्या व सूनबाईच्या आग्रहावरून आम्ही उभयतां गेल्या पौषांत तिकडे जाऊन आलों. पौष म्हणजे आपल्याकडे शेकोटीचे दिवस. परंतु पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धांत त्याच वेळीं ऐन उन्हाळा असतो, नाताळच्या रजा असतात, आणि सारें शहर समुद्राकडे धांव घेतें. तेथील प्रचंड कमानीच्या पुलाचें व शिडांच्या आकाराच्या नाट्यगृहाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे; त्यांत भर घालण्याचा माझा विचार नाहीं. मला सांगावयाचें आहे तें त्या शहराच्या पूर्व किनाऱ्यावरील खडकांत असलेल्या दोन पाण्याच्या कुंडांविषयीं. आणि त्यांतील एक कुंड तर मीं पाहिलेलेंच नाहीं.

शहराच्या मध्यापासून सुमारें पांच मैलांवर कूजी नांवाचें उपनगर आहे. नांव ऐकतांच मला संस्कृतांतील 'कूज्' धातु आठवला, व येथें पूर्वीं पक्ष्यांचें कूजन चालत असावें असें अनुमान मीं मोठ्या आत्मविश्वासानें सूनबाईस सांगितलें. पुढें कळलें तें असें कीं, हें नांव त्या देशाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेंतलें असून, किनाऱ्यावर पडून सडणाऱ्या समुद्रशेवाळाच्या दुर्गंधावरून तें पडलें असें सांगतात. "म्हणजे संस्कृतापेक्षां आपलें मराठी 'कुजणें'च जवळचें म्हणायचें!" असें सौ. म्हणाली, आणि माझें व्युत्पत्तिशास्त्र तेथेंच संपलें.

या किनाऱ्याचा खडक आपल्या सह्याद्रीसारखा काळा, लाव्हारसाचा नव्हे. तो पिवळसर वालुकाश्म आहे. वीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वीं नद्यांनीं आणून टाकलेली वाळू दाबली जाऊन तो बनला. लाटांचे तडाखे बसून कड्याचा पायथा झिजतो व समुद्राच्या सपाटीला ओटीसारखा एक विस्तीर्ण कातळ उघडा पडतो. त्या कातळांत जेथें भेगा असतात तेथें पाणी खोल शिरतें, व हळूहळू खळगे तयार होतात. अशा एखाद्या मोठ्या खळग्याच्या समुद्राकडील अंगास माणसानें ठेंगणी भिंत घातली, कीं झालें समुद्रकुंड! भरतीच्या वेळीं लाटा भिंतीवरून आंत उसळतात व जुनें पाणी बदलून टाकतात. ओहोटीला तेंच पाणी तळ्यासारखें स्वस्थ होतें. पाणी शुद्ध ठेवण्याचें काम चंद्र करतो. न्यू साउथ वेल्स प्रांताच्या किनाऱ्यावर अशीं सुमारें शंभर कुंडें आहेत. मूळ रहिवासी या खळग्यांतून पूर्वापार स्नान करीत आले. धारुग भाषेंत 'बोगी' म्हणजे स्नान करणें. त्यावरून गोरे वसाहतवालेहि असल्या कुंडास 'बोगी होल' म्हणूं लागले.

भिंती घालण्यास दोन कारणें झालीं. एक शार्क माशांचें व लाटांचें भय. आणि दुसरें, लोकलज्जा. आज ज्या देशांतील माणसें अर्ध्या वस्त्रानिशीं रस्त्यानें हिंडतात, त्याच देशांत एके काळीं दिवसाउजेडीं, चारचौघांच्या दृष्टीस पडेल अशा रीतीनें समुद्रांत उतरणें हा गुन्हा होता! हा निर्बंध विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकला. १९०२ सालीं मॅनली येथील एका वृत्तपत्राच्या संपादकानें तो उघडपणें मोडला, आणि पुढें तो सैल झाला. तोंवर आडोशाच्या कुंडांस महत्त्व होतें, व स्त्रियांचीं कुंडें पुरुषांहून निराळीं असत.

अशांपैकीं मॅकायव्हरचें स्त्रियांचें कुंड कूजीच्या दक्षिणेस कड्याखालीं आहे. तेथें १८८६ पासून स्त्रियांसाठीं स्नानाची सोय आहे. स्त्री-पुरुषांत भेद न करण्याचा कायदा झाल्यावर या कुंडाबद्दल वाद उपस्थित झाला. परंतु १९९५ सालीं सरकारनें त्यास त्या कायद्यांतून सूट दिली, आणि तें स्त्रिया व लहान मुलें यांचेंच राहिलें. मला हें ठाऊक नव्हतें. एके सकाळीं सूनबाई आम्हांस तेथें घेऊन गेली व दाराशीं म्हणाली, "बाबा, तुम्हांला आंत येतां यायचें नाहीं. तुम्ही वर बांकावर बसा. मी आईंना घेऊन जातें."

मला वाटलें, सौ. पाण्यांत पाय बुडवून परत येईल. तिच्या हातांत कापडी पिशवी होती. तिच्यांत काय आहे हें मीं विचारलें नव्हतें.

मी वर बसलों. खालीं दाट झुडपें, त्यापलीकडे निळा समुद्र. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर 'वेडिंग केक आयलंड' नांवाचें खडकाळ बेट आहे. त्यावर लाटा फुटून पांढरा फेस माजतो म्हणून हें लग्नाच्या केकचें नांव पडलें असें कांहीं जण सांगतात. कुंड कांहीं दिसेना. फक्त आवाज येत होते. मीं वेळ घालविण्यासाठीं सूनबाईनें दिलेलें, या भागाच्या इतिहासाचें एक लहानसें पुस्तक उघडलें. त्यांत फॅनी ड्युरॅक व मीना वायली या दोन सिडनीकर मुलींची हकीकत होती. १९१२ सालच्या स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांच्या पोहण्याच्या शर्यती प्रथमच ठेवण्यांत आल्या. या दोघी जाण्यास योग्य होत्या. परंतु त्यांच्याच प्रांताच्या स्त्रियांच्या जलतरण-संस्थेचा नियम आडवा आला. पुरुष प्रेक्षक जेथें असतील तेथें सभासद स्त्रियांनीं पोहूं नये, असा तो नियम. त्याचा कैवार घेणारी संस्थेची अध्यक्षा कोण? तर स्त्रियांस मताचा अधिकार मिळावा म्हणून वर्षानुवर्षें झगडलेली रोझ स्कॉट! तिचा हेतु वाईट नव्हता. पुरुषांच्या नजरेपासून मुलींस जपावें एवढेंच तिला वाटे. परंतु लोकमत उसळलें, नियम बाजूस सारावा लागला, आणि तिनें राजीनामा दिला. वर्गणी जमवून मुली गेल्या. शंभर मीटरच्या शर्यतींत फॅनी पहिली आली, मीना दुसरी.

हें वाचतां वाचतां खालून हंसण्याचा आवाज आला. पुष्कळ बायकांच्या आवाजांत तो एक आवाज मीं ओळखला. चाळीस वर्षांच्या संसारांत तो इतका मोकळा मीं क्वचितच ऐकला होता. मीं पुस्तक मिटलें.

मला आमच्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवला. सौ.चें माहेर गुहागरचें. लहानपणीं तिच्या काकांनीं तिला कमरेस दोर व पाठीस वाळके भोपळे बांधून घरच्या विहिरींत पोहावयास शिकविलें होतें. पुढें ती काठावरून उडी मारी. वाईस आल्यावर कृष्णामाई दारांतच. एके सकाळीं तिनें मला भीतभीत विचारलें, "नणंदांबरोबर पलीकडच्या डोहांत पोहायला गेलें तर चालेल का?" मीं म्हटलें, "घाटावर माझे विद्यार्थी असतात. मास्तरांची बायको पोहते हें बरें दिसणार नाहीं." तिनें "बरें" म्हटलें, व पुन्हां कधीं तो विषय काढला नाहीं. मला तर आपण कांहीं हिरावून घेतलें असें वाटलेंहि नाहीं. आणि मौज अशी कीं, त्याच वर्षीं मी घरीं शिकावयास येणाऱ्या मुलांस किरातार्जुनीयाच्या आठव्या सर्गांतील अप्सरांची जलक्रीडा अन्वयार्थासह समजावून देत होतों. स्वतः मात्र छातीइतक्या पाण्यापलीकडे कधीं गेलों नव्हतों!

तासाभरानें दोघी वर आल्या. सौ.चे केस ओले होते. पिशवींत सूनबाईनें तिच्यासाठीं आणलेला, अंग पुरतें झांकणारा पोहण्याचा पोशाख होता, हें मला तेव्हां कळलें. मीं विचारलें, "जमलें का?" ती म्हणाली, "हातपाय विसरले नव्हते. आणि विहिरीपेक्षां इथें अंग हलकें वाटतें." मीं मास्तरी संवयीनें सांगूं लागलों कीं, समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार असतात, त्यामुळें तें जड होतें व शरीरास अधिक उचलून धरतें. तिनें तें ऐकून घेतलें.

दोन दिवसांनीं आम्ही सारे जवळच्याच वायली-कुंडावर गेलों. हें १९०७ सालीं हेन्री वायली यानें बांधलें; मीना ही त्याचीच मुलगी. येथें स्त्रीपुरुषांनीं एकत्र पोहण्यास आरंभापासून मोकळीक होती. कड्याच्या उतारावर लांकडी खांबांवर उभारलेला सज्जा आहे. त्यावरून पायऱ्या खालीं उतरतात. तळाचा खडक जसा होता तसाच ठेवला आहे. कोठें गुडघाभर तर कोठें डोक्याहून अधिक पाणी. त्यांत बोटाएवढे मासे फिरतात, फटींत काळे कांटेरी समुद्रजीव बसलेले दिसतात. माझ्याहून वयानें मोठीं माणसें शांतपणें हात मारीत येत-जात होतीं. कोणी कोणाकडे पाहत नव्हतें.

सौ. पायऱ्या उतरून गेली, आणि मागें वळून म्हणाली, "या तुम्ही. मी आहें."

मी उतरलों. पाणी अपेक्षेहून थंड होतें, व भिंतीवरून एक लाट उसळून आली तेव्हां माझा श्वास अडकला. सौ.नें माझ्या पाठीखालीं हात धरला. "अंग सैल सोडा. मान ताठ ठेवलीत कीं पाय खालीं जातात." तीन-चार वेळां नाकातोंडांत पाणी गेलें. मग केव्हां तरी कान पाण्याखालीं गेले, बाहेरचा सारा गलबला बंद झाला, व आकाशाखेरीज कांहीं दिसेना. तिनें हात काढून घेतला होता हें मला मागाहून समजलें. दहा-बारा श्वासांइतकाच वेळ मी तरंगलों असेन.

संध्याकाळीं बांकावर बसलों असतां मीं तिला म्हटलें, "त्या उन्हाळ्यांत घाटावर मी चुकलों." तिला कोणता उन्हाळा हें विचारावें लागलें नाहीं. ती म्हणाली, "चुकलांतच. पण आतां माझें काय तें झालें. घरीं तुम्ही नातीला काय सांगून आलांत तें आठवा."

तें मला आठवत होतें. वाईस आमच्या थोरल्या मुलाची कन्या दहा वर्षांची आहे. मैत्रिणींबरोबर पोहण्याच्या वर्गास जावें असें तिच्या मनांत होतें. घरांतील वडीलमाणूस या नात्यानें मीं "मुलीच्या जातीला काय करायचें आहे?" असें म्हणून तो विषय निघण्याआधींच मिटविला होता. नवल हें कीं, चाळीस वर्षांनीं तेंच वाक्य थोड्या फरकानें माझ्या तोंडून निघालें, आणि तेव्हांहि घरांतील सर्वांनीं "बरें" म्हटलें. मी रोझ स्कॉटला हंसत होतों; पण तिनें निदान राजीनामा दिला. घरांतल्या वडीलमाणसास राजीनामा देतां येत नाहीं. त्याला आपला शब्द मागें घ्यावा लागतो.

त्याच रात्रीं मीं घरीं दूरध्वनि केला. सुनेनें नातीच्या हातीं दिला. "आजोबा, खरंच जाऊं?" असें तिनें दोनदां विचारलें. मीं सांगितलें, "जा. आणि कांहीं अडलें तर आजीला विचार, तिला येतें."

ज्यांचीं मुलें त्या देशीं आहेत त्यांनीं कूजीस अवश्य जावें. शक्य तर ओहोटीच्या वेळीं जावें, पायांत न निसटणारीं पादत्राणें असावीं, व लाटा मोठ्या असल्यास काठावरच बसावें. पुरुषांनीं स्त्रियांच्या कुंडावर गेल्यास वरच्या बांकावर स्वस्थ बसावें. तेथून कुंड दिसत नाहीं. परंतु ऐकूं येतें.